दुपारचं पाणी

१० मार्च १९८६

सुरू झालं एकदाचं! सहा म्हशी – दावणीच्या अलीकडे तीन, पलीकडे तीन. अलीकडच्यांना दुपारी नेहमीसारखी अंघोळ. पलीकडच्यांना नाही. प्यायला सगळ्यांना पोटभर, फक्त या तिघींच्या अंगावर पाणी घालायचं नाही. मी रोज तीन वाजता जायचं, ताप मोजायचा, श्वास मोजायचे, धार झाली की दूध मोजायचं. पाऊस येईपर्यंत हेच.

म्हशीचं कातडं काळं, त्यात घाम येतो थोडाच – हे मी इतक्यांदा बोललेय की आता आई शेजारणींना समजावून सांगते. म्हणून तर म्हैस डबक्यात बसते. मुंबईत डबकं कुठलं? तबेल्यात दुपारी अंगावर पाणी मारतात ते त्यासाठी. ते बंद केलं तर तिच्या शरीराचं काय होतं, हे इथल्या दमट हवेत कोणी धड मोजलेलंच नाही. मी मोजणार!

जोगेश्वरीच्या मोठ्या तबेलेवाल्यांनी दारातसुद्धा उभं केलं नव्हतं. म्हैस आटली तर काय तुमच्या डिग्रीची धार काढू, असं एकाने तोंडावर सुनावलं. शेवटी गावठाणातल्या पर्पेच्युआबाई मिळाल्या. नवरा गिल्बर्ट गोदीत कामाला, मुलगे दोन्ही आखातात, घरी या आणि सहा म्हशी. आवारात स्वतःची विहीर. शिकलेली पोर आहे, करू दे म्हणाल्या. एवढ्यावर काम झालं!

१४ मार्च

ज्युलीचे हाल बघवत नाहीत. पलीकडच्या तिघींतली ही सगळ्यात मोठी. मान पुढे ताणलेली, जीभ बाहेर, लाळेची तार जमिनीपर्यंत. ताप एकशे चारला टेकलेला. पर्पेच्युआबाई भरलेली बादली घेऊन येऊन उभ्या राहिल्या. मी म्हणाले, नाही हं बाई, सगळं फुकट जाईल. त्यांनी बादली खाली ठेवली. म्हैस बादलीकडे बघत होती. मी घड्याळाकडे बघत श्वास मोजत राहिले.

रात्री आईला सांगितलं. सांगायला नको होतं. "मुक्या जनावराचो तळतळाट घेव नको गो," म्हणाली, आणि भाकरी थापत राहिली.

मी काय हौस म्हणून करतेय?

२१ मार्च

पलीकडच्या तिघींचं दूध उतरलं. चांगलंच उतरलं! नेरूरकर सरांना आकडे दाखवले, ते म्हणाले झकास. आमच्या विभागाचे प्रमुख झकास म्हणतात म्हणजे काय समजायचं! वर हेही म्हणाले की पेपर चांगला झाला तर माझ्या कायम होण्याचं ते वर बोलतील. पाच वर्षं मी या संस्थेत हंगामी आहे. माझ्यानंतर आलेले कायम होऊन खुर्च्या उबवतायत.

घाटकोपरला उतरेपर्यंत खुशीत होते. जिन्यात एकदम लक्षात आलं की मी एका जनावराचं दूध आटलं म्हणून खुशीत आहे. आणि ते दूध पर्पेच्युआबाईंचं आहे. त्या एका शब्दाने कुरकुरल्या नाहीत. कुरकुरल्या असत्या तर बरं झालं असतं.

२८ मार्च

गुड फ्रायडे. सुट्टी. आज गोठ्यावर गेले नाही. पर्पेच्युआबाईही देवळात असणार दिवसभर. एका दिवसाचे आकडे गेले तर जाऊ देत. ज्युलीचं तोंड बघायला नको, याचंच मेलं सुख वाटतंय.

२ एप्रिल

काहीतरी होतंय! पलीकडच्या तिघींचा ताप उतरतोय. ज्युली कालही बरी होती, आजही. श्वास कमी झालेत. जीभ आत. चक्क रवंथ करत बसली होती. ऊन तर उलट वाढलंय.

उद्या पुन्हा मोजते. थर्मामीटरही बदलून बघते.

११ एप्रिल

थर्मामीटरचा दोष नाही. रोज मोजतेय, रोज तेच. तिघींचंही दूध हळूहळू चढतंय. सरांना सांगितलं तर ते खुर्चीतून उठलेच. "अहो उत्तराबाई, ही सवय आहे! शरीराने जुळवून घेतलं!" त्यांनी स्वतः चहा मागवला. पहिले तीन आठवडे त्रास, मग शरीर स्वतःला सांभाळून घेतं. आलेखात इतकं स्वच्छ दिसतं की बघत राहावं.

आईला म्हणाले, बघ, तुझा तळतळाट वगैरे काही नाही, म्हैस माझ्यापेक्षा हुशार आहे. आई म्हणाली, ता खरा. म्हशीचं कौतुक केलं का माझी खोडी काढली, कळायला मार्ग नाही.

१९ एप्रिल

एक गोष्ट. ज्युलीच्या पायाखालची फरशी आज ओली होती. मुतली असेल. पण मग शेजारच्या दोघींच्या खालीही? वासही नव्हता.

पर्पेच्युआबाई पेंड भिजवत होत्या. विचारायला तोंड उघडलं आणि म्हटलं, पेंड कुठून आणता?

२ जून

संपलं. ढग भरून आलेत. पर्पेच्युआबाईंनी जायच्या आधी बसवून घेतलं, मासळी खाऊ घातली. आता सगळ्यांना पाणी घालते हं, म्हणाल्या. खाली बघून म्हणाल्या. मी तेव्हा आकड्यांच्या नशेत होते.

२३ ऑगस्ट

पेपर स्वीकारला! सकाळी पत्र आलं. सरांचं नाव पहिलं, माझं दुसरं – चालायचंच. संध्याकाळी पेढे घेऊन जोगेश्वरीला गेले. वाटलं, त्यांच्या म्हशी, पहिला पेढा त्यांना.

पर्पेच्युआबाईंनी पेढा हातात धरला, खाल्ला नाही. मग म्हणाल्या, बाय, बस, तुला एक सांगायचं हाय.

जसं आठवतंय तसं लिहिते. गुड फ्रायडेला त्या देवळात होत्या. दुपारची तीन तासांची प्रार्थना. क्रुसावर असताना येशूला तहान लागली, त्याने पाणी मागितलं आणि लोकांनी आंबट शिरका दिला, एवढं वाचून झालं आणि त्यांना तिथे बसवेना. उठून घरी आल्या. ज्युली जीभ काढून उभी होती. "मना ते बघवला नाय, बाय. विहिरीचा पानी काढला नि घातला तिच्या अंगावर. मग बाकीच्या दोघी बघाया लागल्या." आणि एकदा घातल्यावर दुसऱ्या दिवशी कसं थांबवायचं? रोज बाराला घालायच्या. मी यायच्या आत गोणपाटाने पुसून कोरड्या करायच्या. मला वाईट वाटू नये म्हणून!

फादरना कधीच सांगून झालं होतं. फादर म्हणाले, देवाला सांगितलंस ते बरं केलंस, आता जिला फसवलंस तिला सांग. तेव्हापासून हिंमत गोळा करत होत्या.

मग त्यांनी विचारलं, "तुझा काय बिघाडला तं नाय ना?"

सगळं बिघडलंय! म्हशीला सवय वगैरे काही झाली नाही. तिला रोज अंघोळ मिळाली. माझा तो सुंदर आलेख म्हणजे एका बाईची दया आहे, तिच्यावर मी 'शरीराने जुळवून घेतलं' असं नाव लिहिलंय.

मी म्हणाले, "नाही हो, काही नाही."

इतक्या हलक्या झाल्या! पेढा खाल्ला. वर एक मलाच भरवला.

२४ ऑगस्ट

उद्या सरांना सांगायचं. पेपर अजून छापला नाही, मागे घेता येईल.

२५ ऑगस्ट

सांगितलं नाही. सर दिल्लीला गेलेत.

१ सप्टेंबर

सर आले. मी आत गेले. त्यांनी माझ्यासमोर वर फोन लावला आणि माझ्या कायम होण्याचं बोलले. इतकं चांगलं बोलले. मी बाहेर आले.

कोणाचं काय वाईट होणार आहे? तो अंक कोण वाचतं? आमच्या ग्रंथालयात त्याची पानंसुद्धा सुटी केलेली नसतात. पुढे कोणी पुन्हा प्रयोग करील, त्याला वेगळं दिसेल, तो खोडून काढील. शास्त्र असंच चालतं. मीच वर्गात शिकवते ना हे!

पण रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. आईला वाटतंय मला कोणी आवडलाय.

५ नोव्हेंबर

कायम झाले. आईने सगळ्या मजल्यावर साखर वाटली.

जोगेश्वरीला गेले नाही. पेपर छापून आल्यावर त्यांना एक प्रत द्यायची कबूल केली होती. कुठल्या तोंडाने देऊ!

१७ फेब्रुवारी १९८७

यंदा पाऊस कमी पडला, तलाव आत्ताच तळाला. उपनगरांतल्या पाण्याचं काय करायचं यावर एक समिती बसली आहे, आणि समितीला तबेल्यांच्या पाण्याबद्दल तज्ज्ञांचं मत हवंय. कुठून मिळणार? नेरूरकर सरांकडून. सर मला म्हणाले, आपला पेपर आहेच, दोन पानांत मराठीत लिहून द्या, या तुमच्या विषयावर तुमचीच सही शोभेल.

आज कधी नव्हे ते मोठ्या मनाने माझं नाव पुढे केलं!

१९ फेब्रुवारी

लिहून दिलं. "दुपारची अंघोळ बंद केल्यास म्हशी सुमारे तीन आठवड्यांत जुळवून घेतात असे आढळले." आढळले! कोणाला आढळलं? सही नेहमीसारखी आली. तेच जास्त लागलं.

असले कागद फायलीत जातात आणि तिथेच मरतात, असं म्हणून दिलं. मी काय अगदी कुक्कुलं बाळ आहे?

६ एप्रिल

तबेल्यांचं दुपारचं पाणी बंद. वर्तमानपत्रात चार ओळी आल्यात. "तज्ज्ञांच्या मते जनावरांना धोका नाही."

आईने वाचून विचारलं, ह्यो तज्ज्ञ कोण तो? मी म्हणाले, असेल कोणी.

१४ एप्रिल

आज सरांना सांगितलं. हो, सांगितलं! आता सांगितलं, जेव्हा बाण सुटून गेलाय. त्यांनी दार लावून घेतलं. कोणकोणाला माहीत आहे, एवढंच विचारलं. मी म्हणाले, मला आणि त्या बाईंना. ते म्हणाले, मग ते तिथेच राहू दे. पाऊस जूनमध्ये येईलच. तुम्ही आत्ता बोललात तर तुम्ही जाल, मी जाईन आणि या विभागावर पुढे कोणी विश्वास ठेवणार नाही.

वाईट माणूस नाहीत. घाबरले. मी त्यांना कुठल्या तोंडाने नावं ठेवू? मी तर आठ महिने आधीच घाबरलेय.

२६ एप्रिल

रविवार. गिल्बर्ट दारात! पत्ता शोधत घाटकोपरला आला होता. ज्युलीचं काहीतरी बिघडलंय, पर्पेच्युआबाईंनी डाक्टरबायला घेऊन ये म्हणून सांगितलंय. मी म्हणाले, मी औषधपाण्याची डॉक्टर नाही, संशोधन करते. तरी गेले त्याच्याबरोबर.

ज्युली सात महिन्यांची गाभण होती. गाभ टाकला. मी पोचले तेव्हा ती आडवी होती, ताप एकशे सहाच्या वर, डोळे आत गेलेले. विहिरीला पाणीच नाही. तळाला चिखल. नळाचं सकाळी येतं त्यात पिण्याचं जेमतेम भागतं. पर्पेच्युआबाई स्वतःच्या साड्या ओल्या करून तिच्या अंगावर घालत होत्या. त्या साड्यांतून वाफ निघत होती.

आमच्या जनावरांच्या डॉक्टर मित्राला फोन केला, तो तासाभरात आला. सुया दिल्या. संध्याकाळी ज्युली गेली.

रेडकू कोपऱ्यात गोणपाटाखाली होतं. मी बघितलं. बघायचंच म्हणून बघितलं.

पर्पेच्युआबाई रडल्या नाहीत. म्हणाल्या, आणखी सात-आठ तबेल्यांत असंच झालंय. कोणी शहाणा आहे, त्याने लिहून दिलंय म्हणे म्हशीला पाणी नको, सवय होते. नऊ तारखेला वॉर्डात पाण्याचे साहेब सगळ्यांना भेटणार आहेत. तबेलेवाले आरडाओरडा करतील, पण साहेब कागद पुढे करील, त्याला आम्ही काय बोलणार? "तू चल, बाय. तू शिकलेली. त्या शहाण्याला तूच जबाब दे."

मी हो म्हणाले.

तो शहाणा तुमच्या समोर बसलाय, तुमचा चहा पितोय, हे म्हणाले नाही. त्यांना ते सुचलंही नाही! त्यांच्या मते मी पाण्याशिवाय सुखात राहणाऱ्या म्हशी पाहिल्याच नाहीत. चोरून पाणी घातल्याचं त्यांनी स्वतःच सांगितलंय मला. तेव्हा मी असं कसं लिहीन?

२७ एप्रिल

आईला सगळं सांगितलं. पहिल्यापासून. तिने मधे एकदाही थांबवलं नाही. शेवटी एवढंच म्हणाली, "नोकरी गेली तर जाऊंदे. तुझो बापूस गिरणी बंद पडल्यावर उपाशी मेलो नाय."

मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. तेहतीस वर्षांची घोडी!

३ मे

ठरलं. नऊ तारखेला उभं राहायचं आणि सांगायचं. रिपोर्ट माझा आहे. त्यातले आकडे चुकीचे आहेत. ते चुकीचे आहेत हे मला ऑगस्टपासून माहीत होतं. शेवटचं वाक्य गाळायचं नाही. ते गाळलं तर बाकीच्याला अर्थ नाही.

सरांना सांगितलं. ते म्हणाले, विचार करा. मी म्हणाले, केलाय.

६ मे

एक अडचण. खरं सांगायचं तर म्हशींना पाणी कोणी घातलं हे येणारच. पर्पेच्युआबाईंचं नाव त्या सगळ्यांसमोर घ्यावं लागेल. नाव न घेता सांगता येईल का? "प्रयोगात एक त्रुटी राहिली" असं?

बघ कशी आहे मी! त्यांचं नाव वाचवायचं म्हणून त्रुटी म्हणतेय का स्वतःचं?

नाही. जाऊन आधी त्यांना सांगायचं. परवा.

७ मे

आज बरं वाटतंय. झोप लागली. आरशासमोर बोलून पाहिलं. आई स्वयंपाकघरातून ऐकत होती, म्हणाली मोठ्याने बोल, मागे बसलेल्यांना ऐकू येत नाय.

८ मे

जोगेश्वरीला गेले. गावठाणाच्या तोंडापर्यंत गेले. पर्पेच्युआबाई अंगणात दोन बायकांशी बोलत होत्या. मला बघून हात केला. मी उद्या येते असा हात केला आणि परत आले.

उद्या सभेआधी सांगेन. लवकर जाईन.

९ मे

उशीर झाला. मी पोचले तेव्हा सभा सुरू होती. नाव सांगताच साहेबांनी मला ओळखलं, म्हणाले, या या, हे मत यांचंच आहे, डॉक्टर आता स्वतःच सांगतील. सगळी खोली वळली. पर्पेच्युआबाईही.

मी उठायच्या आत त्या उठल्या. म्हणाल्या, साहेब, त्या म्हशी माझ्या. मीच चोरून पाणी घालत होते. हिला काय ठाऊक नाय, मी हिला फसवलं.

खोलीत गलका झाला. ज्यांच्या म्हशी गेल्यात ते त्यांच्या अंगावर धावून गेले. गिल्बर्ट मधे पडला. एकजण त्यांच्या पायाशी थुंकला. त्या तशाच उभ्या होत्या, माझ्याकडे बघत.

साहेबांनी टेबल वाजवून सगळ्यांना बसवलं आणि मला विचारलं, तुम्हाला याची काही कल्पना होती का?

मी म्हणाले, नाही.

सोमवारपासून दुपारचं पाणी सोडणार आहेत.